डावीकडचं दार

माणसाने पृथ्वीच्या पाठीवर आजवर जे जे काही उभं केलं, त्यात इंग्लंडातल्या खेड्यातल्या जुन्या चर्चइतकं थोर, शहाणं आणि दयाळू दुसरं काहीही नाही, हे मी पूर्ण विचारान्ती आणि कुणाच्याही दबावाखाली न येता सांगतो. अशी चर्चं मी आयुष्यात एक पाहिलेली आहेत. त्या एकातही मी वास्तुकलेच्या ओढीने शिरलो नव्हतो. तिकडे, इंग्लंडात, माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या घरी एक कुत्रा होता आणि दुपारी सोफा कुणाचा याबद्दल त्याची मतं ठाम होती.

हे सगळं आज वर आलं ते माझ्या उजव्या तळपायामुळे. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या बाहेर, डोंगरांच्या पायथ्याशी एका नव्या रिसॉर्टच्या आवारात, भर दुपारी, मी एका दगडी उंबऱ्याशी बूट काढले आणि मोजा घातलेला पाय आत टाकला. बूट काढायला कुणी सांगितलं नव्हतं. कमानदार दार आणि त्यामागे अंधार दिसला की माझे हात आपोआप बुटांकडे जातात. त्यात भक्तीचा भाग किती आणि लहानपणी खाल्लेल्या धपाट्यांचा किती, हे मी कधी तपासलेलं नाही. “आजोबा, इट्स अ टी-रूम,” माझी नात शुभ्रा म्हणाली. “पीपल विल ईट केक हिअर.” तिचं बरोबर होतं. पण तोवर पाय फरशीवर पडला होता आणि एसीने गार पडलेल्या त्या फरशीतून एक कळ निघाली, घोट्याला वळसा घालून गुडघ्यात गेली आणि तिथे थांबली. मी ओळखण्याआधी गुडघ्याने ती ओळखली. ही थंडी दगडाची होती, आणि ती मला पूर्वी भेटलेली होती, अशा वेळी की तेव्हा मला दुसरं कुणी भेटायला नको होतं.

माझा मुलगा शार्दूल इथल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. सिमेंटात काचेचे तंतू मिसळायचे, साच्यात ओतायचे आणि त्यातून हव्या त्या देशाचा हवा तो काळ बाहेर काढायचा, असा त्यांचा धंदा. या रिसॉर्टवाल्यांना इंग्लंडातलं खेडं हवं होतं. तळं, बदकं, गवताने शाकारलेली घरं आणि मधोमध जुन्या चर्चच्या घाटाचा चहाचा हॉल. क्रूस नाही, घंटा नाही, प्रार्थना नाही, नुसता घाट. वर्षभर शार्दूल दुबईतल्या करामाच्या घरी सुट्टीपुरता, पाहुण्यासारखा येत होता, आणि आज हॉल ताब्यात द्यायचा होता. निघताना सूनबाईंनी, म्हणजे संपदाने, मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन परिस्थिती समजावली होती. हॉल पास झाला तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू. नाही झाला तर नोकरी गेली, आणि इथे नोकरीच्या पाठोपाठ व्हिसा जातो, व्हिसाच्या पाठोपाठ घर, शुभ्राची शाळा आणि खिडकीतली तुळस. “आणि बाबा, तिथे काही गमतीचं बोलू नका हं, प्लीज,” असं ती शेवटी म्हणाली. ज्या माणसाने आयुष्यभर दर रविवारी वर्तमानपत्रात गमतीचं बोलून घर चालवलं, त्याला हे सांगणं म्हणजे निवृत्त पोस्टमनला दारावर टकटक करू नका म्हणण्यासारखं आहे. मी मान डोलावली.  गाडीत शार्दूलच्या कानामागे पांढरं झालंय हे मला मागच्या सीटवरून दिसलं, आणि ते दिसू नये म्हणून मी बराच वेळ सिमेंटचे ट्रक बघत बसलो.

माझी बायको शोभना गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मुग्धा मला तिच्याकडे घेऊन गेली होती. लिहिणं मी थांबवलं होतं. तसं कारण काही नव्हतं. इतकंच की मी लेख लिहिला की आधी शोभनाला वाचून दाखवायचो आणि ती हसली नाही की लेख जमला असं समजायचो. आता कोण हसत नाही हेच कळायला मार्ग नव्हता. गावात एक रस्ता होता, एक पब होता, पोस्टाची इमारत होती पण तीत पोस्ट नव्हतं, आणि चर्च होतं. कुत्र्याने सोफ्याचा ताबा घेतला की मी कोट चढवून निघायचो. पहिल्या दिवशी चर्चचं दार ढकललं ते उघडं निघालं. आत कुणीही नव्हतं. हेच मला पचायला वेळ लागला. देव आहे, दार उघडं आहे, आणि रांग नाही. मी ओवरीत बूट काढले, मोज्यांवर आत गेलो आणि ती थंडी पायातून वर आली, एखाद्या चौकशीसारखी, सावकाश, नमस्कार-चमत्कार न करता. घरातले सगळे माझ्याशी उबदार वागत होते. हा पहिला कुणीतरी गार वागला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच भिंतीपाशीच्या खुर्चीत बसून राहिलो.

शार्दूलचा रोज फोन यायचा. “जेवलात का?” “जेवलो.” “थंडी आहे का?” “आहे.” मग आम्ही दोघं शोभनाच्या आसपास कुठेतरी येऊन थांबायचो, आणि दोन देशांमधला समुद्र ऐकत बसायचो. तो माझ्यापासून काहीतरी लपवत होता आणि मी त्याच्यापासून तेच. असाच एक दिवस मी बोलून गेलो की इथे एक चर्च आहे, त्याच्या भिंती एवढ्या जाड आहेत की खिडकीत अंथरूण घालता येईल.  मग तो म्हणाला, “किती जाड?” मी म्हणालो, उद्या हात लावून सांगतो. त्या दिवसापासून आमचं बरं चाललं. मी रोज एक भाग बघून यायचो आणि संध्याकाळी त्याला सांगायचो. मधल्या दालनाच्या कमानी गोल आणि बुटक्या, कारण ज्यांनी त्या बांधल्या त्यांना टोकदार कमान अजून सुचलेली नव्हती. पुढच्या भागातल्या कमानी टोकदार, कारण मधल्या काळात ती सुचली होती आणि सुचलेली गोष्ट करून बघितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मनोरा त्याहून पुढचा. गाव लोकरीवर गबर झालं आणि पैसा झाल्यावर गावं जे करतात ते त्याने केलं, शेजारच्या गावापेक्षा उंच काहीतरी बांधलं. (दुबईत वाढलेल्या शुभ्राला हे समजावून सांगावं लागणार नाही.) मग एका राजाचं लग्नावरून धर्माशी बिनसलं आणि भिंतींवरच्या रंगीत संतांना चुना फासण्यात आला. मग राणीच्या काळात एक उत्साही आर्किटेक्ट आला. त्याला जुन्याचं फार वेड, म्हणून त्याने खरं जुनं काढून टाकून त्याहून जुनं दिसणारं नवं बसवलं. थोडक्यात, एका जुन्या हौसिंग सोसायटीत प्रत्येकाने आपापल्या सोयीने गॅलरी बंद करून घ्यावी आणि शेवटी इमारत सुंदर दिसावी, असा तो प्रकार होता. शार्दूल प्रश्न विचारायचा. छत कसलं? लाकडाचं, उलट्या ठेवलेल्या होडीसारखं. तुळयांच्या टोकाशी काय? तोंडं. दगडी तोंडं. एक गाल सुजलेला, एक जीभ बाहेर काढलेला, एक धर्मगुरू झोपलेला. आठशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने आपल्या गावाची खोडी काढून ती देवाच्या डोक्यावर चढवली होती आणि पगारही घेतला होता. त्या जीभवाल्याकडे बघून मला धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी ते फोनवर सांगितलं तेव्हा शार्दूल हसला. त्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा हसला आणि मग दोघंही गप्प झालो, कारण हसण्यात आवाज शोभनाचा होता.

देवाबद्दल मात्र, त्याच्यासमोर बसलं की दार डावीकडे येतं यापलीकडे, मी त्याला काही सांगितलं नाही. त्या दिवसांत देव हा आमच्यात नाजूक विषय होता. पण देव होता. दारातून आत गेलं की लगेच, मोकळ्या जागेत, एका चौथऱ्यावर एक भलं मोठं गोल दगडी पात्र होतं, वर लाकडी झाकण, चारही बाजूंनी फिरायला जागा सोडलेली. अशी जागा सोडलेली असली की ती कशासाठी हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. मी रोज त्याला प्रदक्षिणा घालायचो, मोज्यांवर, उजवीकडून, आणि मग खुर्ची त्याच्याकडे वळवून बसायचो. चर्चच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते त्या हिवाळ्यात दिसतच नव्हतं. छपराचं काम निघालं होतं आणि कमानीवर जाड प्लास्टिकचा पडदा ठोकलेला होता. मी ती अडगळ धरून चाललो. बाकं मात्र सगळी त्या प्लास्टिककडे तोंड करून होती, देवाकडे पाठ. मी यावर विचार केला आणि इंग्रजांबद्दलचा माझा आदर वाढला. देवाकडे टक लावून बघणं त्यांना असभ्य वाटत असणार. तिथे फुलं लावायला एक म्हाताऱ्या बाई येत, मिसेस हॅडली. हवापाण्याबद्दल बोलावं तशा त्या मला राजे, लोकर आणि चुना यांच्याबद्दल सांगायच्या. एका दुपारी त्यांनी मला दगडाभोवती फिरताना बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. मग पुन्हा फुलांकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी दगडाभोवती गोल, मी चालायचो नेमकं तिथे, जुन्या गालिच्याच्या पट्ट्या अंथरलेल्या होत्या. मी त्यांना काय म्हणालो आठवत नाही. बहुतेक काहीच म्हणालो नाही, फक्त अजून एक प्रदक्षिणा जास्त घातली. माणसावर उपकार झाले की त्याला शब्द सुचतात असं मला वाचकांकडून आलेल्या पत्रांवरून वाटायचं. ते खरं नाही.

आज हॉलमध्ये शिरलो तेव्हा तेच सगळं समोर होतं. जाड भिंती, बुटक्या कमानी, उलटी होडी, आणि वर तुळईच्या टोकाला जीभ बाहेर काढलेला माझा सहकारी. मी मान वर करून त्याच्याकडे बघत राहिलो, आणि शार्दूल माझ्याकडे बघत राहिला. आमचे ते फोन होते हे. साच्यात ओतून उभे केलेले. मला काहीतरी बोलायचं होतं आणि संपदाला दिलेला शब्द आठवत होता. म्हणून मी सवयीने देवाकडे वळलो, गोल दगडापुढे उभा राहिलो, आणि तेवढ्यात काहीतरी बिघडलं. काय ते कळेना. दगड बरोबर होता. अंतर बरोबर होतं. पण दारातून येणारा उजेड उजव्या खांद्यावर पडत होता. तिथे तो डाव्या खांद्यावर पडायचा. हिवाळाभर माझा डावा खांदा उजळ आणि डावा कान गार असायचा. आता उजवा. आपल्याच घरात आरशातून शिरल्यासारखं वाटलं.

“हबीबी शार्दूल, बहोत सुंदर,” असं म्हणत ओमर आत आला. ओमर रिसॉर्टतर्फे सगळं तपासून घेणारा. पांढराशुभ्र पायघोळ अरबी कंदूरा, हसरा चेहरा, हिंदी आपल्यापेक्षा बरं. त्याने माझ्याशी हात मिळवला, शुभ्राला चॉकलेट दिलं, भिंतीवर थाप मारली, छताकडे बघून माशाल्ला म्हणाला. मग दाराकडे बघून थांबला. “लेकिन दरवाज़ा?”

“दरवाज़ा क्या, सर?”

“मैं इंग्लंड में पढ़ा हूँ, शार्दूल भाई. गाँव में रहता था, लँडलेडी के साथ. हर संडे को उसका केक उठाकर चर्च तक मैं ले जाता था. दरवाज़ा साउथ में होता है. इधर मुँह करके खड़े हो जाओ तो राइट हँड पे.” त्याने दुसऱ्या टोकाच्या चहाच्या काउंटरकडे बोट दाखवलं. “आपका लेफ्ट में है. ओपनिंग पे अंग्रेज़ गेस्ट आएँगे. पहला आदमी यही बोलेगा.”

“आय नो, सर,” शार्दूल म्हणाला. त्याचा आवाज फार सपाट होता. “ड्रॉइंग्ज में सब जगह राइट ही था. मैंने लेफ्ट में लिया. जिस चर्च से ये बनाया है उधर लेफ्ट में ही है. माय फादर सॅट देअर. एव्हरी डे.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी अजून दगडापाशीच उभा होतो, त्यांच्याकडे पाठ करून.

“अंकल,” ओमर मायेने म्हणाला, “आप उधर क्यूँ देख रहे हैं? वो तो पीछे का साइड है. वो बेबी को पानी डालने का होता है. नाम रखने का.”

असं म्हणतात की बुडताना माणसाला सगळं आयुष्य दिसतं. मला एक हिवाळा दिसला, आणि तो हळूहळू, एखाद्या जड पलंगासारखा, डोक्यात फिरून उलटा झाला. प्लास्टिकच्या मागे देव होता. बाकं बरोबर होती. एक संबंध गाव शेकडो वर्षं बरोबर बाजूला तोंड करून बसलं होतं आणि मी एकटा त्या सगळ्यांकडे बघत, इंग्लंडच्या देवाकडे पाठ करून, बाळांच्या अंघोळीच्या पात्राला प्रदक्षिणा घालत होतो. फोनवर मी सांगितलं होतं, देवासमोर बसलं की दार डावीकडे. आणि हा शहाणा मुलगा, ज्याच्याकडे सगळी ड्रॉइंग्ज होती, पुस्तकं होती, त्याने सगळी पुस्तकं बाजूला ठेवून दार मी सांगितलं तिथे बसवलं. हॅडलीबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी मला फिरवून बसवलं नाही. त्यांनी गालिचा आणून टाकला. मला लाज वाटायला हवी होती, पण येत होतं ते हसू. आणि तेवढ्यात मला करामाची खिडकी दिसली, आणि तुळस, आणि शार्दूलचा तो कान.

“ओमरभाई,” मी म्हणालो. माझं हिंदी ऐकून शुभ्राने डोळे मिटून घेतले. “गलती इसकी नहीं है. मैं उल्टा बैठा था.”

“कितने दिन?”

“पूरा जाड़ा.”

ओमर क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या मोज्यांकडे बघितलं, मग दगडाकडे, आणि मग तो असा हसायला लागला की त्याला बाकावर बसावं लागलं. “आजोबा, द होल विंटर?” शुभ्रा म्हणाली. “डिडंट एनीबडी टेल यू?” शार्दूल हसला नाही. तो दाराकडे बघत होता. ओमरचं हसू ओसरलं तसं ओमरनेही दाराकडे बघितलं, डोळे पुसले, आणि कामाच्या आवाजात म्हणाला, “लेकिन तोड़ना तो पड़ेगा, भाई. आय ॲम सॉरी.”

दार तोडून पलीकडच्या भिंतीत बसवायचं म्हणजे भिंत उघडायची, ओपनिंग पुढे ढकलायचं, आणि ते कुणाच्या नावावर पडणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शार्दूल “शुअर, सर,” म्हणाला. असं तो लहानपणी हरलेल्या मॅचनंतर म्हणायचा. संपदाने मला फक्त गमतीचं बोलू नका म्हटलं होतं. खरं बोलू नका असं म्हटलं नव्हतं. “ओमरभाई, तोड़ने से पहले,” मी म्हणालो, “उस तरफ़ एक चक्कर मारेंगे?”

आम्ही बाहेर पडलो आणि हॉलला वळसा घालून दक्षिणेच्या भिंतीकडे गेलो, जिथे दार असायला हवं होतं. मी बूट घातले नव्हते, ही चूक वाळूने लगेच लक्षात आणून दिली आणि मी भिंतीजवळच्या पाइपवर चढून उभा राहिलो. तिथे सावली नावाची वस्तू नव्हती. सूर्य भिंतीवर रेलून बसला होता. ओमरने खिडकीच्या कठड्याला हात लावला आणि झटकन काढला. मी त्याला विचारलं की तुमच्या लँडलेडीबाई केक घेऊन दाराशी उभ्या राहायच्या त्या कुठे? “बाहर. सब बाहर खड़े रहते थे. धूप में. गप्पा मारते थे,” तो म्हणाला, हा एक मराठी शब्द त्याला शार्दूलच्या माणसांकडून मिळाला असावा. मी म्हणालो, तिकडे माणसं उन्हासाठी दाराशी थांबतात म्हणून दार दक्षिणेला. इकडे तुमचे पाहुणे कशासाठी थांबतील?  ओमर मला हात देऊन परत ओवरीकडे घेऊन आला. तिथे उत्तरेला गार सावली होती, डोंगराकडून थोडा वारा होता, आणि ओवरीतल्या बाकावर रंगकाम करणारी दोन माणसं डबा उघडून बसली होती. ती उठायला लागली तसं त्याने हातानेच बसा म्हटलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसला. पाय पसरले. दाराच्या कमानीकडे खालून वर बघितलं.  मला वाटतं, इंग्लंडात हे दार दक्षिणेला काढायचं ज्याने पहिल्यांदा ठरवलं तोसुद्धा असाच पाय पसरून बसला असेल.

“खलास,” शेवटी ओमर म्हणाला. “रहने दो. अंग्रेज़ पूछेगा तो बोलेंगे, इधर का चर्च उल्टा बैठता है.” आणि तो सहीचे कागद आणायला गाडीकडे गेला. शुभ्रा बदकं बघायला त्याच्यामागे धावली.

आम्ही दोघं आत आलो. शार्दूल मागच्या बाकावर बसला, मीही बसलो, या वेळी बाकं ज्या बाजूला होती त्या बाजूला तोंड करून. “मी तेव्हा साइटवरून निघालो की गाडी बाजूला लावायचो,” तो म्हणाला, काउंटरकडे बघत. “तुमचा फोन झाल्याशिवाय पुढे जायचो नाही. चालवता यायचं नाही, बाबा.” मी हो म्हणालो. आणि मग त्याने ते वाक्य काढलं जे आम्ही दोघांनी त्या हिवाळ्यात आणि नंतरच्या सगळ्या हिवाळ्यांत भिंती, कमानी आणि छपरांखाली दाबून ठेवलं होतं. “आईला आवडलं असतं का हे?” आता मला नीट सगळं म्हणायचं होतं. की ती इथे अजिबात हसली नसती, म्हणजे हे फार जमलंय. की त्या गार दगडाचे, गालिचा टाकणाऱ्या बाईचे, सोफा न सोडणाऱ्या कुत्र्याचे, आणि गाडी बाजूला लावणाऱ्या मुलाचे उपकार मी कुठल्या तोंडाने आणि कुठल्या बाजूला वळून मानू. वाक्य तयार झालं, चांगलं लांब झालं, मी श्वास घेतला, त्याच्या कानामागच्या पांढऱ्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, “शार्दूल, बाथरूम कुठल्या बाजूला काढली आहेस तेवढं आधी दाखव.”